बाण, वज्र आणि डोंगर

‘दाम’ हा शब्द आपल्या घरोघरीं दिवसांतून दहा वेळां उच्चारला जातो. ‘काम तसा दाम’ ही म्हण मुलांनाहि पाठ असते, आणि दामदुपटीचा नियम तर सावकाराच्या वहींतून कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोंचला. पण हा शब्द मूळचा आपला नव्हे. संस्कृत ग्रंथांत व शिलालेखांत जो ‘द्रम्म’ येतो त्याचें हें झिजलेलें रूप. आणि द्रम्म म्हणजे ग्रीक, अर्थात् यवन, लोकांचें ‘द्राख्म’ नांवाचें रुप्याचें नाणें. ग्रीक भाषेंत या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूठभर’ असा सांगतात. नाणीं पाडण्याची कला निघण्यापूर्वीं तेथें मांस भाजण्याच्या लोखंडी सळया देवघेवींत चालत. अशा सहा सळया एका मुठींत मावत, म्हणून सहांची एक मूठ. ज्या शब्दानें आपण मजुराच्या कष्टाचें मोल सांगतों, त्याच्या मुळाशीं अशी ही टोंकदार लोखंडी सळई आहे.

पुढें लोखंड गेलें आणि रुपें आलें. पण नाण्याचा शस्त्राशीं असलेला संबंध तुटला नाहीं. ढाल, भाला, गदा, धनुष्य, कुऱ्हाड, वज्र अशी आयुधांची रांगच यवनांच्या नाण्यांवर लागलेली दिसते. मीठमिरची घेण्यासाठीं जें हातांत धरावयाचें, त्यावर माणूस मारण्याचें साधन कां कोरावें? हा प्रश्न केवळ परदेशचा नाहीं. याच चालीचीं हजारों नाणीं आपल्या गोदावरीच्या कांठीं जमिनींतून निघालीं आहेत, आणि त्यांवर महाराष्ट्राच्या एका राजानें दिलेलें उत्तरहि उमटलेलें आहे. तें उत्तर नीट वाचतां यावें म्हणून प्रथम थोडें यवनांच्या देशांत जाऊं.

यवनांच्या देशांत

ग्रीस देश एकछत्री नव्हता. प्रत्येक नगर म्हणजे एक स्वतंत्र राज्य, आणि प्रत्येकाचें नाणें निराळें. अथेन्सच्या नाण्यावर घुबड बसलेलें असे. कारण तें तेथील अथीना देवीचें पांखरू. बिओशिया प्रांतांतील थीब्ज वगैरे नगरांनीं दोन्ही कडांना खांचा असलेली लांबट ढाल कोरली. टेनेडॉस बेटाच्या नाण्यावर दुधारी कुऱ्हाड आहे. आस्पेंडस नगराच्या नाण्यावर गोफण फिरविणारा वीर उभा आहे. ग्रीक भाषेंत गोफणीला ‘स्फेंडोने’ म्हणतात, तेव्हां नगराच्या नांवावर केलेला हा एक श्लेषच होय. आमच्या भागांत ज्वारी हुरड्यास आली कीं माळ्यावर उभें राहून पांखरें हाकलण्यासाठीं पोरें जी गोफण फिरवितात तीच ही. फरक इतकाच कीं तेथें तिचें भाडोत्री सैन्य बनत असे.

या चित्रांचे हेतु तीन दिसतात. एक, नगराची खूण; वाचतां न येणाऱ्यालाहि नाणें कोठलें तें कळावें. दुसरा, देवतेचें स्मरण. गदा दिसली कीं हेराक्लीज आठवावा, वज्र दिसलें कीं झ्यूस. तिसरा, आणि राजे झाल्यावर हाच प्रबळ झाला, तो म्हणजे राजाची दवंडी. त्या काळीं वृत्तपत्र नव्हतें, छापखाना नव्हता. राजाचें म्हणणें राज्याच्या टोंकापर्यंत आणि सीमेच्या पलीकडेहि हातोहात पोंचविणारी वस्तु एकच होती, ती म्हणजे नाणें. त्यावरील शस्त्र प्रजेला सांगे कीं मी रक्षण करीन, आणि शत्रूला सांगे कीं मी मारीन.

अलेक्झांडरच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस सिंहाचें कातडें पांघरलेला हेराक्लीज आणि दुसऱ्या बाजूस त्याची गदा व भात्यांत ठेवलेलें धनुष्य आहे. आपल्याला भीमाची गदा आणि अर्जुनाचें गांडीव एकदम आठवावें असें तें चित्र. पण आपल्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें नाणें दुसरेंच आहे. इ. स. पूर्व ३२६ मध्यें झेलमच्या कांठीं पोरस राजाशीं झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ पाडलेलीं म्हणून समजलीं जाणारीं मोठालीं रुप्याचीं नाणीं सांपडलीं आहेत. एका बाजूस भाला रोखलेला घोडेस्वार एका हत्तीचा पाठलाग करीत आहे, हत्तीवर दोघे योद्धे आहेत. दुसऱ्या बाजूस अलेक्झांडर हातांत वज्र घेऊन उभा आहे आणि विजयदेवता त्याच्या मस्तकावर माळ धरीत आहे. याच मालिकेंतील दुसऱ्या एका नाण्यावर केस बांधलेला हिंदी तिरंदाज आपल्याच उंचीएवढें धनुष्य ओढीत उभा आहे. एरिअन या ग्रीक इतिहासकारानेंहि हिंदी धनुष्य माणसाएवढें उंच असे म्हणून लिहून ठेविलें आहे. लेखणी आणि छिन्नी यांची अशी साक्ष जुळली म्हणजे इतिहासाला बळकटी येते.

तरी यवनांना या चित्रांतील विनोदहि ठाऊक होता. इराणच्या बादशहाच्या सोन्याच्या नाण्यावर धनुष्य घेतलेला राजा असे. स्पार्टाचा राजा आजेसिलॉस आशियांत विजय मिळवीत चालला असतां इराणी पैशानें ग्रीसमध्यें त्याचे शत्रु उठविले गेले, आणि इ. स. पूर्व ३९४ मध्यें त्याला परत फिरावें लागलें. तेव्हां, बादशहाच्या हजारों तिरंदाजांनीं मला हांकलून दिलें, असें तो म्हणाल्याचें प्लुटार्क सांगतो. ते तिरंदाज रणांगणावरचे नव्हते, नाण्यावरचे होते!

भडोचच्या बाजारांत

यवन आपल्याला नवखे नव्हते. पाणिनीच्या सूत्रांत ‘यवन’ शब्द आहे, कात्यायनानें ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपि असा अर्थ सांगितला आहे, आणि पतंजलीनें महाभाष्यांत यवनानें साकेतास घातलेल्या वेढ्याचें उदाहरण व्याकरणाचा भूतकाळ शिकवितांना दिलें आहे. घोड्याच्या लगामाला संस्कृतांत जो ‘खलीन’ शब्द आहे, तोहि त्यांच्याच भाषेंतून आला.

अलेक्झांडरच्या मागून बाल्हीक देशांत जे यवन राजे झाले, त्यांपैकीं अपोलोडोटस आणि मिनँडर यांचीं नाणीं हिंदुस्थानांत दूरवर पसरलीं. मिनँडर म्हणजे पाली ग्रंथांतील मिलिंद. नागसेन भिक्षूला जीव, कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीं सूक्ष्म प्रश्न विचारणारा तो हाच. त्याच्या रुप्याच्या नाण्यांपैकीं कांहींवर तो स्वतः भाला उगारून आहे. पुष्कळांच्या मागील बाजूस डाव्या हातीं ढाल घेतलेली अथीना देवी उजव्या हातानें वज्र फेंकीत आहे. एका बाजूस ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपींत प्राकृत लेख. त्यांत राजानें स्वतःस ‘त्राता’ म्हटलें आहे. शस्त्र दाखवावें आणि रक्षक म्हणवून घ्यावें, ही राजनीति एवढ्याशा वाटोळ्या तुकड्यावर मावली. त्याच मिनँडरच्या तांब्याच्या नाण्यांवर हत्तीचें मस्तक व गदा आहे, आणि एका जातीवर आठ आऱ्यांचें चक्रहि आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली, ती ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर यांचीं जुनीं द्राख्म नाणीं, ग्रीक अक्षरांसकट, भडोचच्या बाजारांत आपल्या काळींहि चालतात, असें त्यानें नमूद केलें आहे. राजे जाऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं, तरी त्यांचीं ढाल-वज्राचीं नाणीं कापूस आणि मसाल्याच्या भावांत खुर्दा म्हणून फिरत होतीं. याच ग्रंथांत भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नगर सांगितलें आहे. पैठणहून गोमेद-अकीकासारखे खडे आणि तगराहून जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. हें तगर म्हणजे बार्शीच्या पूर्वेस असलेलें धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तेव्हां यवनी नाण्याची वाट आमच्या सोलापूर भागाच्या अगदीं शेजारून गेली होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जोगळटेंभीचें घबाड

सन १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर तालुक्यांत, गोदाकांठच्या जोगळटेंभी गांवीं रुप्याच्या नाण्यांचा एक प्रचंड सांठा सांपडला. मोजदाद झाली ती १३,२५० च्या वर. एकेक नाणें जुन्या चवलीएवढें, वजनानें सुमारें दोन ग्रॅम. म्हणजे सारें रुपें पंचवीस किलोंच्या पुढें गेलें. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तीं तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकांत सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं या राजाचीं नाणीं अतिशय दुर्मिळ होतीं.

हा राजा म्हणजे क्षहरात वंशांतील नहपान क्षत्रप. त्याच्या नाण्याच्या एका बाजूस राजाचें मस्तक आहे आणि भोंवतीं ग्रीक अक्षरें. परंतु तीं अक्षरें वाचलीं तर भाषा ग्रीक नाहीं, प्राकृत आहे! ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात नहपान राजाचें. दुसऱ्या बाजूस हाच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिपींत आहे, आणि मधोमध दोन आयुधें आहेत: एक बाण आणि एक वज्र. त्याच वंशांतील भूमकाच्या तांब्याच्या नाण्यांवरहि हीं दोन आयुधें असून उलट बाजूस सिंह आणि धर्मचक्र यांनीं युक्त असें स्तंभशीर्ष आहे.

या दोन आयुधांची निवड मला मोठी चतुराईची वाटते. भडोचला उतरणारा यवन व्यापारी तें वज्र पाहून झ्यूसचें म्हणेल. आपला मनुष्य तें इंद्राचें म्हणेल. बाण तर साऱ्यांचाच. परकीय कुळांतल्या राजानें तीन लिपींत नांव लिहिलें खरें, पण ज्याला एकहि लिपि येत नव्हती त्याच्यासाठीं त्यानें हें चौथें लेखन केलें होतें, आणि तें कोणालाहि वाचतां येण्यासारखें होतें.

आणि तरीहि, या बाणवज्राच्या नाण्यांनीं प्रत्यक्षांत काय केलें तें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. नहपानाचा जांवई उषवदात यानें नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांत आपल्या दानांचा हिशेब कोरून ठेविला आहे. त्यानें नदीच्या उतारांवर फुकट नावा ठेविल्या; त्यांत आपल्या डहाणूचेंहि नांव आहे. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं त्यानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, फक्त व्याज वापरावयाचें. आतां मुलांनीं गणित करून पाहावें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० कार्षापण. लेखांत वीस भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकी बारा सांगितले आहेत. वीस बारें दोनशें चाळीस. हिशेब पैपर्यंत जुळतो! एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण हा त्या वेळचा भावहि याच लेखांत मिळतो. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीं हींच रुप्याचीं नाणीं असावींत असें विद्वान मानतात. बाण-वज्राच्या छापाखालीं नाशिकच्या कोष्ट्यांचे माग चालत होते.

विजेत्याचा ठसा

पुढें पैठणच्या सातवाहन कुळांतील गौतमीपुत्र सातकर्णी यानें नहपानाचें राज्य जिंकलें. त्याच्या मृत्यूनंतर त्याची माता गौतमी बलश्री हिनें नाशिकच्याच लेण्यांत कोरविलेल्या लेखांत, शक, यवन व पह्लव यांचा संहार करणारा आणि क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असें त्याचें वर्णन आहे. त्याच लेखांत दुसरेंहि एक विशेषण आहे: अपराध केलेल्या शत्रूचाहि प्राण घेण्याची ज्याला आवड नाहीं असा. एकाच शिळेवर, एकाच मातेनें सांगितलेल्या या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं आहेत. पुत्राचा पराक्रम तिला मोठा वाटला, पण तेवढ्यानें त्याची ओळख पुरी होत नाहीं, हें तिला ठाऊक होतें.

जोगळटेंभीच्या नाण्यांत हाच प्रकार रुप्यावर दिसतो. त्या १३,२५० पैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारला आहे. जित राजाचें रुपें वितळवून नवें नाणें पाडणें त्याला अशक्य नव्हतें. पण बाजारांत फिरणारें नाणें एकदम बंद झालें तर कोष्टी, तेली, गाडीवान आणि भिक्षु या सर्वांचे व्यवहार अडतात. त्यानें जुनेंच नाणें ऐरणीवर ठेवून घाव घातला. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, खालीं नागमोडी रेषा आणि भोंवतीं त्याचें नांव. दुसऱ्या बाजूस फुलीच्या चार टोंकांना चार वर्तुळें असलेलें, उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह. पुष्कळ नाण्यांवर नव्या डोंगराआडून नहपानाचें नाक किंवा बाणाचें टोंक अजून डोकावतें. ग्रीक अक्षरें अर्धीं पुसलीं, अर्धीं राहिलीं.

विजेत्याच्या या ठशांत एकहि शस्त्र नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्यानें क्षहरात कुळ संपविलें, त्याला तलवार कोरण्याचा अधिकार नव्हता असें कोण म्हणेल? त्यानें कोरला तो डोंगर. शत्रूच्या बाणाला त्यानें आपल्या बाणानें उत्तर दिलें नाहीं.

या जयाची किंमतहि नाशिकच्या भिंतीवरच वाचतां येते. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं, विजयी सैन्याच्या छावणींतून गौतमीपुत्रानें गोवर्धनच्या अधिकाऱ्यास आज्ञा धाडली कीं, पूर्वीं उषवदाताकडे असलेलें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंना द्यावें. जसें नाण्याचें तसेंच शेताचें. जुन्या धन्याची वस्तु, नवा ठसा. पण चोविसाव्या वर्षीं दुसरी आज्ञा निघाली. तींत राजा आणि राजमाता सांगतात कीं, पूर्वीं दिलेलें तें शेत कोणी कसत नाहीं आणि तो गांवहि वसलेला नाहीं. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतांपैकीं शंभर निवर्तनें द्यावींत. सहा वर्षें लोटलीं तरी त्या मातींत नांगर लागला नव्हता. नाण्यावर जय एका घावांत उमटतो. नांगराचा फाळ पुन्हां जमिनींत जावयास वर्षें लागतात. ओस गांवाचें चित्र मात्र कोणत्याहि राजानें नाण्यावर कोरलेलें नाहीं.

डोंगर टिकला

याहून विलक्षण गोष्ट पुढें आहे. सातवाहनांचे प्रतिस्पर्धी म्हणून जे दुसरे क्षत्रप उज्जयिनीस उभे राहिले, त्या चष्टनाच्या कुळानें मस्तकाची आणि ग्रीक अक्षरांची जुनी रीत ठेविली, परंतु बाण आणि वज्र सोडून दिलें. त्यांच्या रुप्याच्या नाण्यांवर तीन कमानींचा डोंगर, चंद्रकोर आणि तारा आले. पुढें सुमारें तीनशें वर्षें हेंच चित्र चाललें. ग्रीक अक्षरें हळूहळू इतकीं बिघडलीं कीं नुसत्या रेघा राहिल्या. डोंगर मात्र कायम राहिला. इकडे सातवाहनांनींहि शत्रूची चांगली रीत उचलली, आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांनीं स्वतःच्या मस्तकाचीं रुप्याचीं नाणीं पाडलीं. भांडणारे दोन्ही पक्ष एकमेकांचें नाणें हातांत घेऊन बसले होते!

याचा अर्थ आपल्याकडे नाण्यावरचें शस्त्र कायमचें गेलें असा नव्हे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर धनुष्य आहे, परशु आहे. पेशवाईंतील पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुश आहे. पण अंकुश हें मारण्याचें नव्हे, आवरण्याचें आयुध. शिवछत्रपतींच्या शिवराईवर आणि होनावर तर काय आहे? एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. तलवार नाहीं, वाघनख नाहीं, किल्ला नाहीं, स्वतःचा चेहराहि नाहीं. ज्याचें उभें आयुष्य तलवारीवर गेलें, त्यानें प्रजेच्या हातांत नुसतीं अक्षरें दिलीं.

घरांतील माणसांस दोन शब्द

हें सारें आज आपणांस सांगतां येतें, कारण जोगळटेंभीचा सांठा सोनाराच्या मुशींत गेला नाहीं. एकेक नाण्यावर लेखाचे तुकडेच उमटतात. कोठें चार अक्षरें, कोठें सहा. तीं हजारों नाणीं शेजारीं ठेवलीं तेव्हां पुरी ओळ जुळली. पंचवीस किलो रुप्याचा भाव कोणीहि तराजूवर काढील. पण त्यांतील ९,२७० नाण्यांवर ठसा आहे आणि उरलेल्या सुमारें चार हजारांवर नाहीं, एवढी एक संख्या वितळली असती तर नहपान आणि गौतमीपुत्र यांचा संबंध इतक्या निश्चयानें कोणालाच सांगतां आला नसता.

म्हणून विहीर खणतांना, नांगरतांना किंवा जुन्या वाड्याचा पाया उकरतांना गाडगें लागलें तर तें तसेंच राहूं द्यावें, घासूं नये, वांटून घेऊं नये. १८७८ च्या निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणें बंधनकारक आहे. तो सरकारनें घेतला तर हक्कदारास धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यांत आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनांत पिढ्यान्‌पिढ्या निघणारीं नाणीं असतील तर त्यांना लिंबू-चिंच लावून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. त्या काळसर थरांतच पुष्कळदां अक्षरें जपलेलीं असतात. सूनबाईंनीं व लेकींनीं एखाद्या वहींत, नाणें कोणाकडून आलें, त्यावर काय दिसतें, एवढें टिपून ठेविलें तर तीहि मोठी सेवा होईल.

त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या मंडळींनीं नाशिकजवळ पांडवलेणीं अवश्य चढावींत, आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी येथें नाण्यांच्या अभ्यासाची संस्था व संग्रह आहे, तोहि मुलांना दाखवावा. लेण्यांतला व्याजाचा हिशेब त्यांच्याकडून तोंडी करवून घ्यावा. शस्त्राचा छाप असलेल्या रुप्यानें वीस माणसांचें वस्त्र कसें विणलें गेलें, हें मुलांना आकड्यांनींच अधिक चांगलें कळेल.